घरचे आरोग्य : कंपवात आणि श्वास

रायपूरच्या गोल बाजारात सायंकाळी गर्दी लोटली म्हणजे समोरच्या माणसाशीही उंच आवाजात बोलावे लागते. अशा पेठेत उभा जन्म गेलेल्या एखाद्या वृद्ध दुकानदाराचा आवाज हळूहळू खोल जाऊ लागतो, भाव सांगताना वाक्य मध्येच तुटते, आणि मुले म्हणतात, ‘बाबा आता थकले.’ हात कापू लागला तर डॉक्टर आठवतो. आवाज बसला तर मात्र दोष वयाला दिला जातो.

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्यावर निबंध लिहिला, तो हा कंपवात. नावात कंप असला तरी या रोगात स्नायू ताठरतात व हालचाली मंदावतात. छातीचे स्नायूही त्यातून सुटत नाहीत. बरगड्या पुरेशा फुलत नाहीत, श्वास उथळ होतो, आवाज क्षीण होतो आणि खोकल्यातला जोर जातो. खरा धोका येथेच आहे. गिळण्याची क्रिया मंदावल्याने अन्नाचा किंवा लाळेचा अंश श्वासनलिकेत उतरतो; कित्येकदा ठसकाही लागत नाही. दुबळा खोकला तो बाहेर टाकू शकत नाही आणि न्यूमोनिया होतो. कंपवाताच्या रोग्यांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

औषधाचा प्रभाव ओसरताना कित्येकांना धाप लागते. धाप केव्हा लागली आणि औषध केव्हा घेतले होते, हे वहीत टिपून डॉक्टरांना दाखवावे. मात्र प्रत्येक धाप कंपवाताचीच असे मानू नये. हृदय व फुप्फुसे तपासून घ्यावीत.

जडीबुटीच्या दुकानातून कौंचाचे बी, म्हणजे आपली खाजकुइली, आणून स्वतःच्या विचाराने देऊ नये. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या लेव्होडोपा या औषधाचे द्रव्य त्यात असतेच. पण बियांतील त्याचे प्रमाण निश्चित नसते. ते अधिक झाल्यास अंगाला अनावर हालचाली सुटतात, श्वासाची लयही बिघडू शकते.

रोग्याला ताठ बसवून, लहान घासांनी, सावकाश जेवू द्यावे. घास तोंडात असता त्याला बोलते करू नये. जेवणानंतर लगेच निजवू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने दीर्घश्वसनाचा व मोठ्याने आकडे म्हणण्याचा सराव रोज करवावा. ताप, वाढती धाप किंवा ओठांवर निळसर झाक दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

आणि बाबांचे बोलणे ऐकू आले नाही, तर ‘असू द्या’ म्हणून उठून जाऊ नये. जवळ बसावे, त्यांना श्वास घेऊ द्यावा व पुन्हा विचारावे.