माझं दुखणं मला सांगू दे!

परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, आईला थायरॉइड निघालाय. गावात त्यातला डॉक्टर नाही. ऑनलाइन दाखवू का? तुम्ही दाखवता ना?"

मी म्हटलं, "जरूर दाखव. फक्त आईला बोलू दे."

"म्हणजे काय, बाई?"

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

मला थायरॉइडचा विकार जडून 19 वर्षं झाली. गळ्यातली ती फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी माझ्या बाबतीत आळशी निघाली. सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी, की संपलं. आमच्या तालुक्याच्या गावात हार्मोन्सचा तज्ज्ञ नाही. पुण्याला एस.टी.नं जाऊन-येऊन सबंध दिवस मोडतो आणि दुसरा दिवस अंथरुणात जातो. त्यामुळे 2020 साली लॉकडाऊनमध्ये मुलानं पुण्यातल्या तज्ज्ञांना व्हिडिओवर दाखवायची सोय केली, तेव्हा मला तर देवच पावला! रिपोर्ट फोनवरून पाठवायचा, डॉक्टर बघणार, गोळी तीच ठेवायची की बदलायची ते सांगणार. चार-पाच वर्षं सुरळीत चाललं.

मग गेल्या वर्षी टीएसएच वाढून 9 वर गेला. मुलगा तेव्हा इथेच होता. त्यानं टॅबलेट टेबलावर उभा केला, मी शेजारी बसले. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी नियमित चालू आहे?" मुलगा म्हणाला, "आई त्या बाबतीत एकदम काटेकोर आहे." "आणखी काही औषधं?" "फक्त बीपीची." "थकवा वगैरे?" "वयाच्या मानानं ठीक आहे." मी आपली मान डोलावत होते. सात मिनिटांत सगळं आटोपलं. 75 ची गोळी 100 ची झाली, आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासा असं सांगितलं.

मुलाला एक गोष्ट ठाऊकच नव्हती. हाडांसाठी इथल्या डॉक्टरांनी मला कॅल्शियम दिलं होतं आणि विसरायला नको म्हणून मी ते सकाळच्या गोळीबरोबरच घेत होते. कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही थायरॉइडच्या औषधाला आतड्यात अडकवून ठेवतात, ते रक्तात पुरतं उतरत नाही. म्हणजे गोळी पोटात जात होती, पण निम्मीशिम्मी वाया जात होती. रिपोर्ट खोटं बोलत नव्हता. खरं बोलायची राहिले होते ती मी!

पुढचं सांगते. काही दिवसांनी कॅल्शियमची पाकिटं संपली, ती मी आणली नाहीत. आता वाढवलेली गोळी पूर्णच्या पूर्ण अंगी लागायला लागली. छातीत धडधड, रात्र रात्र झोप नाही, रांगोळीची रेघ सरळ येईना. मला वाटलं, झालं, म्हातारपण आलं. शेवटी आमच्या गावातल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मनगट धरलं. हात पुढे करायला लावून पसरलेल्या बोटांवर एक कागद ठेवला. कागद थरथरायला लागला. मग म्हणाले, "बाई, सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात जातं ते क्रमानं सांगा."

त्या एका प्रश्नानं सगळा उलगडा झाला. रक्त तपासलं, टीएसएच पार खाली गेलेला. त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला, दोघांनी मिळून गोळी पुन्हा कमी केली. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीनंतर चार तासांनी घ्यायचं ठरलं. या वयात ही गोळी जास्त झाली तर हृदयाची लय बिघडू शकते, हाडंही ठिसूळ होतात, असं मला तेव्हा कळलं. म्हणजे हाडांसाठी एक घेत होते आणि दुसरीनं तीच पोखरत होते!

आता दोष कुणाचा? काही जण लगेच म्हणतील, बघा, हे ऑनलाइन म्हणजे थोतांड. मला तसं मुळीच वाटत नाही. रोग एकदा प्रत्यक्ष तपासून ठरला असेल, आकड्यांवरून गोळी कमी-जास्त करायची असेल, तर ही सोय उत्तमच आहे. सरकारनं 25 मार्च 2020 ला तिचे नियमही केले. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, आणि प्रत्यक्ष तपासणी गरजेची वाटली तर डॉक्टरांनी रुग्णाला बोलवायचं. पण पडद्यातून नाडी लागत नाही, बोटांवर कागद ठेवता येत नाही. तिथे डॉक्टरांच्या हाती फक्त दोन गोष्टी असतात, रिपोर्टमधला आकडा आणि रुग्णाचा शब्द. आपण त्यातला शब्दच काढून घेतो, आणि मुलं तो मायेपोटी काढून घेतात.

मला ठाऊक आहे, सगळ्या म्हाताऱ्यांना हे झेपत नाही. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला डॉक्टरांचं हिंदी-इंग्रजी कळत नाही. मुलांनी मदत करावीच. यंत्र जोडून द्यावं, न कळलेला शब्द समजावून सांगावा. पण पहिलं उत्तर रुग्णाचं असावं, राहिलेलं मग मुलांनी पुरवावं.

आणि बायकांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. हार्मोन्सची दुखणी म्हणजे पाळीची, अंगावरून जाण्याची, हनुवटीवर येणाऱ्या केसांची, पाळी जातानाच्या घामाची आणि चिडचिडीची. मुलगा किंवा सासू शेजारी बसलेली असताना कोणती बाई हे बोलेल? ती "बरं आहे" म्हणेल, आणि पडद्यापलीकडचा डॉक्टर तेच लिहून घेईल. दवाखान्यात निदान बाकीच्यांना "जरा बाहेर थांबा" म्हणायची रीत आहे. घरी ते कोण म्हणणार?

शाळेत जन्मभर मुलांना सांगत आले, "उत्तर पूर्ण वाक्यात द्या." स्वतःवर वेळ आली तेव्हा नुसती मान डोलावली. तेव्हा माझा दोष मी पदरात घेतला आहे. आता डॉक्टरांशी बोलायच्या आदल्या रात्री वहीच्या पानावर लिहून ठेवते: कोणतं औषध, किती वाजता, कशाबरोबर. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि वैद्यांचा काढाही लिहिते. केसांसाठी घेतात त्या बायोटिननं तर थायरॉइडची तपासणीच चुकीची येऊ शकते. आणि डोस आपल्या मनानं कधीही बदलत नाही.

मागच्या खेपेला मुलगा टॅबलेट लावून देऊन म्हणाला, "आई, मी ओट्यावर बसतो. लागलं तर हाक मार." मी वही उघडली आणि सगळं वाचून दाखवलं. झोपेबद्दल सांगितलं, आणि मुलासमोर कधी बोलले नसते असं एकदोन गोष्टींबद्दलही. डॉक्टरांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

मुलगा आत आला तेव्हा म्हणाला, "एवढा वेळ काय बोलत होतीस?"

म्हटलं, "माझं दुखणं सांगत होते रे."