खलाशांची साक्ष

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याला समुद्र नाही. उत्तर सीमेवरची पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि मग कोठे आमचे पाणी बंगालच्या उपसागराला लागते. अशा जिल्ह्यातील मराठी घरांपुढे आम्ही या महिन्यात युद्धनौकांच्या टकरीचा विषय का मांडावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. विषय दूरचा असला तरी त्याचा बोध घरचाच आहे, एवढे सांगून आरंभ करतो.

शत्रूशी लढताना बुडालेल्या नौकेचे स्मारक होते, तिच्या कप्तानाचे नाव पाठ्यपुस्तकात जाते. शांततेच्या काळात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन बुडालेल्या नौकेच्या वाट्याला मात्र चौकशी येते. चूक कोणाची, एवढाच प्रश्न तेथे विचारला जातो. त्याचे उत्तर मिळाले की कागद बांधून ठेवतात आणि लोक विसरतात. त्या रात्री डेकवर काय घडले, कोणी कोणाला हात दिला, हे फक्त वाचलेल्या खलाशांच्या स्मरणात उरते.

आपल्याकडील दोन घटना पाहा. 2006 सालच्या एप्रिल महिन्यात गोव्याच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘प्रहार’ ही क्षेपणास्त्रवाहू नौका एका मालवाहू जहाजाशी रात्रीच्या वेळी आदळली आणि बुडाली. सुदैवाने सर्व नौसैनिक वाचले. 30 जानेवारी 2011 रोजी, रविवारी, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘विंध्यगिरी’ ही फ्रिगेट मुंबई बंदरात परतत होती. नौसैनिकांची बायकामुले त्या दिवशी समुद्राच्या सफरीसाठी तिच्यावर होती. बंदराच्या वाटेवर एका परदेशी मालवाहू जहाजाशी तिची टक्कर झाली आणि आत आग भडकली. सर्व माणसे सुखरूप उतरवली गेली, नौका ओढत धक्क्याला आणली गेली. पण दुसऱ्या दिवशी ती कलंडली आणि धक्क्यालगतच बुडाली. पुढे तिला वर काढण्यात आले, तरी ती पुन्हा सेवेत आली नाही. 2023 साली कोलकात्यात जलावतरण झालेल्या नव्या युद्धनौकेला तेच नाव देण्यात आले. नाव टिकले, पण त्या रविवारी लेकरांना कडेवर घेऊन डेकवर उभ्या असलेल्या मातांनी काय पाहिले, ते कोणत्या दप्तरात सापडणार?

या प्रश्नाचे मोल समजण्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या आरमारात घडलेली एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. 10 फेब्रुवारी 1964 च्या रात्री, जर्विस उपसागराबाहेर, ‘मेलबर्न’ ही विमानवाहू नौका आणि ‘व्हॉयेजर’ ही विनाशिका एकत्र सराव करीत होत्या. विमानवाहू नौकेच्या मागे राहावयाचे आणि एखादे विमान समुद्रात कोसळलेच तर वैमानिकाला पाण्यातून काढावयाचे, हे विनाशिकेचे काम. रात्री जहाजाची दिशा त्याच्या दिव्यांवरून ओळखतात. डाव्या बाजूस लाल आणि उजव्या बाजूस हिरवा दिवा असतो. दोन्ही एकदम दिसू लागले तर ते जहाज सरळ आपल्या रोखाने येत आहे असे समजावे. आपली जागा घेण्यासाठी वळताना ‘व्हॉयेजर’ मेलबर्नच्या पुढ्यातच आली. तिच्याहून कितीतरी अवजड असलेल्या त्या नौकेला क्षणात थांबवणे वा वळवणे कोणाच्याही हाती नव्हते. ‘व्हॉयेजर’चे दोन तुकडे झाले. पुढचा तुकडा सुमारे दहा मिनिटांत बुडाला, मागचा मध्यरात्रीनंतर. तिच्यावरील 314 जणांपैकी 82 जण गेले. बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी नेमलेली नौकाच अशी बुडाली.

पुढच्या तुकड्यातील भोजनकक्षात पन्नासहून अधिक माणसे अंधारात अडकली होती. जोनाथन रॉजर्स हे ज्येष्ठ सुकाणूदार त्यांच्यात होते. बाहेर पडण्याची झडप अरुंद होती आणि रॉजर्स यांचा देह मोठा. आपण त्यातून निघणार नाही हे ओळखून त्यांनी गोंधळ आवरला आणि तरुण खलाशांना एकेक करून बाहेर काढले. जे मागे उरले त्यांच्यासमवेत त्यांनी प्रार्थना म्हटली. त्यांना 1965 साली मरणोत्तर ‘जॉर्ज क्रॉस’ देण्यात आला. त्या अंधाऱ्या खोलीतील एकही कागद वर आला नव्हता. वर आले ते पोहत सुटलेले खलाशी, आणि त्यांनी सांगितले म्हणूनच जगाला रॉजर्स कळले.

दुसरी गोष्ट न्यायाची. ‘व्हॉयेजर’चे कप्तान स्टीव्हन्स मृत्यू पावले होते, म्हणून पहिल्या चौकशीचा रोष जिवंत राहिलेल्यांवरही आला. दोषाचा मोठा वाटा ‘व्हॉयेजर’कडे जाऊनही मेलबर्नचे कप्तान रॉबर्टसन यांच्यावर ठपका राहिला. त्यांना किनाऱ्यावरील पद देऊ केले गेले. त्यांनी राजीनामा दिला आणि ते निवृत्तिवेतनालाही मुकले. पुढे ‘व्हॉयेजर’वर पूर्वी काम केलेले अधिकारी पीटर कॅबन यांनी स्टीव्हन्स यांच्या मद्यपानाविषयीच्या आपल्या आठवणी उघड केल्या. मृताविषयी असे बोलणे अनेकांना रुचले नाही. तरी त्यामुळेच दुसरा चौकशी आयोग नेमला गेला. स्टीव्हन्स प्रकृतीच्या कारणाने त्या पदास योग्य नव्हते, असा निष्कर्ष 1968 साली निघाला आणि रॉबर्टसन दोषमुक्त झाले. ‘व्हॉयेजर’ शेवटी तशी का वळली, हे मात्र कधीच सिद्ध झाले नाही, कारण ते सांगू शकणारी माणसे पाण्यात गेली होती.

वाचलेल्यांची कथा तेथेही संपली नाही. मनावरच्या आघाताची भरपाई मागणाऱ्या एका खलाशाच्या बाजूने तेथील सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला तो 1990 साली. त्या रात्रीला तोवर सव्वीस वर्षे झाली होती. मधल्या काळात, 3 जून 1969 रोजी, दक्षिण चीन समुद्रात त्याच मेलबर्नशी ‘फ्रँक ई. इव्हान्स’ या अमेरिकी विनाशिकेची टक्कर झाली. 74 अमेरिकी खलाशी गेले, त्यांत तीन सख्खे भाऊ होते. ही नावे वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावर कोरली जावीत म्हणून त्यांचे सोबती म्हातारपणापर्यंत झटत राहिले.

स्मरण नेहमी अचूक असते असे आम्ही म्हणत नाही. भीतीत माणसाला मिनिटाचा तास वाटतो आणि ऐकलेले पाहिल्यासारखे आठवते. म्हणून स्मरण आणि दप्तर शेजारी ठेवून वाचावे लागते. पण शेजारी ठेवण्यास स्मरण लिहिलेले तर असावे!

येथे विषय आमच्या घरी येतो. आपल्या मराठी कुटुंबांतूनही कोणी सैन्यात गेले, कोणी आरमारात, कोणी रेल्वेत वा खाणीत. घरी परतल्यावर आजोबांनी अपघाताची गोष्ट काढली की मुले पुस्तकाकडे वळतात आणि सून चहाला उठते. शिवाय आमच्या नातवंडांचे शिक्षण तेलुगू वा इंग्रजीत होते. आजोबांची मराठी त्यांना समजते, पण लिहिता येत नाही. म्हणजे गोष्ट आणि भाषा दोन्ही एकदमच जाणार.

तेव्हा वाचक भगिनी-बंधूंना विनंती की, या महिन्यात घरातील अशा वडीलधाऱ्या व्यक्तीजवळ वही घेऊन बसावे. जहाजाचे, पलटणीचे वा खाणीचे नाव, साल आणि ठिकाण आधी टिपावे. मग चूक कोणाची हे विचारू नये. शेजारी कोण होते, प्रथम कोणता आवाज ऐकू आला, कोणी हात दिला, हे विचारावे. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहावे, सुधारू नये. ते रडले तर थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे.