बाबांचा ज्वालामुखी

गेल्या महिन्यात एका रविवारी पोहे संपून जिलेबीवर हात गेला होता, तेवढ्यात न्यू जर्सीहून ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे शनिवारची रात्र, मुलं झोपलेली. म्हणाली, “पुढच्या वर्षी तुम्ही सगळे इकडे येणारच आहात, तर मधले पाच दिवस कॅरिबियनला जाऊ या का? सेंट लुसियाला. तुझ्या जिजाजींनी फोटोसुद्धा बघून ठेवलेत.” (आमच्या माधवनगरात बहिणीचा नवरा म्हणजे जिजाजीच. पुण्याच्या मंडळींनी चालवून घ्यावं.)

आई म्हणाली, “समुद्रच बघायचा तर एवढ्या लांब कशाला?”

बाबांनी पेपर खाली ठेवला. “समुद्र नाही गं. ज्वालामुखीचं बेट आहे ते.”

बाबांनी चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की फळ्यावर रंगीत खडूंनी शंकू, नळी, विवर, लाव्हा असा उभा छेद काढायचे. त्यांचे विद्यार्थी आजही फ्रीगंजात टॉवरपाशी भेटले की त्या चित्राची आठवण काढतात. एवढी वर्षं तो छेद काढणाऱ्या माणसाने खरा ज्वालामुखी मात्र एकदाही पाहिलेला नाही. हे मला त्या रविवारी पहिल्यांदा लक्षात आलं, याची थोडी लाजही वाटली.

घरात प्रवास ठरला की एक्सेल शीट माझ्याकडे येते. शीट उघडली, पहिल्या रकान्यात माणसं लिहिली आणि बाबांच्या नावापुढे ‘दमा’ असं लिहून तो चौकोन लाल केला. सेंट लुसियात बघायचं ते गंधकाचे वायू सोडणारं विवर, आणि बाबांच्या छातीला सगळ्यात वाईट तेच. हा लेख त्या लाल चौकोनाचा आहे.

आधी माझी एक फजिती सांगतो. सेंट लुसियातल्या ज्वालामुखीच्या भागातल्या गावाचं नाव सूफ्रिएर. ते नाव टाकून रात्री शोधत बसलो तर समोर राखेचे ढग, गाव सोडून निघालेली माणसं, राखेखाली गेलेली घरं. ताईला रात्रीच मेसेज टाकला, ‘कॅन्सल कर.’ सकाळी बाबांना दाखवलं तर ते हसले. सूफ्रिएर हा फ्रेंच शब्द, गंधकाच्या जागेसाठी. त्या बेटांवर फ्रेंच लोक जिथे गेले तिथे ज्या डोंगरातून गंधकाचा वास आला त्याला हेच नाव देत गेले. ग्वाडेलूपला एक, माँटसेराटला एक, सेंट व्हिन्सेंटला एक, आणि सेंट लुसियाचं हे गाव. मी बघत होतो तो सेंट व्हिन्सेंटचा स्फोट, 9 एप्रिल 2021 चा. शेजारचं बेट, पण वेगळा देश, वेगळा डोंगर.

तरी त्या स्फोटाबद्दल वाचत गेलो ते बरं झालं. तिथल्या डोंगरावर त्रिनिदादच्या विद्यापीठातल्या भूकंप संशोधन केंद्राची माणसं महिनोन् महिने नजर ठेवून होती. आदल्या दिवशी इशारा लाल झाला आणि हजारो लोकांना कोविडच्या काळात हलवलं गेलं. स्फोटाने थेट एकही माणूस गेला नाही. त्याच डोंगराने 1902 च्या मे महिन्यात दीड हजारावर माणसं मारली होती, आणि दुसऱ्याच दिवशी, 8 मे ला, मार्तिनिकच्या माँ पेलेने सें पिएर हे अख्खं शहर काही मिनिटांत संपवलं. सुमारे 28 हजार लोक. ही गोष्ट बाबा वर्गात सांगायचे, जाड भिंतींच्या कोठडीत वाचलेल्या कैद्यासकट. माँटसेराटची राजधानी प्लिमथ तर 1995 नंतर राखेत आणि चिखलात गाडली गेली. बेटाचा दक्षिण भाग आजही बंद आहे.

म्हणून शीटमध्ये ‘धोका’ या रकान्याखाली हॉटेलचे तारे न लिहिता त्या केंद्राचं संकेतस्थळ लिहिलं. प्रत्येक बेटाचा सध्याचा इशारा हिरवा, पिवळा, नारिंगी की लाल, ते तिथे दिसतं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात आणि आदल्या रात्री ते बघायचं. सेंट लुसियाचा ज्वालामुखी मेलेला नाही. शेकडो वर्षांत मोठा स्फोट नाही, पण खाली ऊब आहे, म्हणून तर वर पाणी उकळतं.

आता भूगोल. माझ्या मुलीने विचारलं, “आजोबा, आपल्याकडे का नाही ज्वालामुखी?” बाबा तिला अंगणात घेऊन गेले आणि कुंडीतली काळी माती तिच्या हातावर ठेवली. आपला माळवा दख्खनच्या त्याच काळ्या दगडावर बसलाय जो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा म्हणून पसरला. माधवनगरात कुणी बोअरिंग केलं तर खालून येतो तो हाच दगड. मग तिकडे सुळके उभे आणि आपल्याकडे सपाट पठार असं का? बाबांनी स्वयंपाकघरातून उत्तर आणलं. आपला लाव्हा कढीसारखा पातळ, सांडला की लांबवर वाहत गेला, थरावर थर. तिकडचा घट्ट पिठल्यासारखा. वाहत नाही, जिथे आला तिथेच ढीग होऊन बसतो. शिवाय त्यात वायू कोंडतात, म्हणून तिकडचे डोंगर फुटतात ते धडाक्याने. अटलांटिकचा तळ वर्षाला साधारण दोन सेंटिमीटरने कॅरिबियनच्या खाली सरकतो आणि त्यातून तो लाव्हा तयार होतो. आई आतून म्हणाली, “माझ्या पिठल्याला नावं ठेवू नका.”

त्या घट्ट लाव्ह्याचे दोन सुळके सेंट लुसियाच्या झेंड्यावर आहेत. ग्रो पितों सुमारे 770 मीटर आणि पेती पितों त्याहून थोडा कमी, दोन्ही जवळजवळ समुद्रातूनच उठलेले. 2004 मध्ये त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बेट केवढं? 617 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या उज्जैन जिल्ह्याचा दहावा हिस्सा. लोकसंख्या पावणेदोन-दोन लाख, आपल्या शहरापेक्षा पुष्कळ कमी. त्यात दोन नोबेलवाले, अर्थशास्त्रात आर्थर लुइस आणि साहित्यात डेरेक वॉलकॉट. शिवाय डॅरेन सॅमी, ज्याच्या कप्तानीत वेस्ट इंडिजने 2012 आणि 2016 चे टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकले. जिजाजींना पितोंपेक्षा त्याच्या नावाचं मैदान बघायचंय, हे मला नंतर कळलं.

बाबांना पैशाची चिंता लागलीच. “एवढा खर्च कशाला? आपला बॅरन आहे की अंदमानात.” ते बरोबर बोलत होते. बॅरन बेट भारतातला एकमेव जागता ज्वालामुखी, पोर्ट ब्लेअरहून (आता श्रीविजयपुरम) ईशान्येला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. 1991 पासून अधूनमधून धुमसतोच आहे. पण तिथे माणूस राहत नाही आणि सामान्य प्रवाशाला उतरता येत नाही. बोटीतून लांबून बघायचं, तेही बोट असेल आणि हवा साथ देईल तेव्हा. बारातांगला चिखलाचे ज्वालामुखी आहेत, पण तिथे खालचा वायू चिखल वर ढकलतो, लाव्ह्याचा संबंध नाही. बाबांनी स्वतःच हे सगळं सांगितलं आणि स्वतःच गप्प झाले.

ताई तिकडून म्हणाली, “दादा, तिकडे जवळून बघता येतं रे.” तेच तर अवघड होतं.

सेंट लुसियाच्या सल्फर स्प्रिंग्जला ‘गाडीने जाता येणारा ज्वालामुखी’ म्हणून जाहिरात करतात. गाडी खरोखर पार विवराच्या काठापर्यंत जाते. मग लाकडी सज्ज्यावरून करडा चिखल उकळताना बघायचा. पूर्वी अगदी जवळ जाऊ देत असत, आता अंतर ठेवतात. खाली ओढ्यात कोमट चिखलाचं स्नान आहे, ते मुलांचं. पण हवेत हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास. जगभरातल्या अशा जागांवर दम्याच्या, हृदयाच्या रुग्णांना, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना सांभाळून राहायला सांगतात.

बाबांना घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. फुंकर मारायची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता दमा आटोक्यात आहे, हो पण नाही आणि नाही पण नाही. निघण्याच्या महिनाभर आधी परत तपासू. त्या दिवशी सर्दी-खोकला असेल तर गाडीतून उतरायचंच नाही. वारा पाठीवर घेऊन, थोडा वेळ. पंप खिशात, दुसरा पंप हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या बॅगेत नाही. औषधांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, फक्त कंपनीचं नाही. आणि मूल सहा वर्षांचं असेल तर तिलाही जास्त वेळ नको. हे शेवटचं माझ्या शीटमध्ये नव्हतंच.

घरी येऊन प्रवास विम्याचा फॉर्म भरायला बसलो. ‘आधीपासूनचे आजार’ या रकान्यापाशी बाबा म्हणाले, “कशाला लिहायचं? हप्ता वाढेल. काही होणार नाही.”

मी लिहिलं. ते म्हणाले, खोड. मी म्हटलं, बाबा, लपवलं आणि तिकडे दवाखान्यात जावं लागलं तर विमा कंपनी एक पैसा देणार नाही. छोट्या बेटावरून मोठ्या दवाखान्यात विमानाने हलवायची वेळ आली तर घर विकावं लागेल. आवाज वाढला, माझाही आणि त्यांचाही. बाबा उठून आत गेले. चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला मुलाने फॉर्म भरायला शिकवायचा हे बरं नाही वाटत, मला कळतं. फॉर्म दोन दिवस तसाच पडून राहिला.

त्या दोन दिवसांत बाकीची कामं उरकली. वाचकांपैकी ज्यांची मंडळी अमेरिकेत आहेत त्यांना ही उपयोगी पडतील. आमचे सगळ्यांचे अमेरिकेचे व्हिसे ताईच्या बाळंतपणाच्या वेळचे, दहा वर्षांचे. आईचा पासपोर्ट संपत आलाय. नवा काढायचा आणि जुना फेकायचा नाही, कारण व्हिसा जुन्यात आहे, दोन्ही बरोबर न्यायचे. ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही त्यांना तिथे फक्त विमान बदलायचं असलं तरी व्हिसा लागतो, हे इथून परस्पर जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. जिजाजींचं ग्रीन कार्ड आलंय म्हणून त्यांचं सोपं झालं. एच-वन-बी वाल्यांनी आपल्या पासपोर्टवरचा शिक्का जिवंत आहे का ते आधी पाहावं. कॅनडा-मेक्सिकोला थोड्या दिवसांसाठी जी सवलत मिळते ती त्यांना या बेटांना मिळत नाही, शिक्का संपलेला असेल तर परतीची पंचाईत.

महिना कुठला, यावर ताईशी चार कॉल झाले. जून ते नोव्हेंबर तिकडे वादळांचे महिने. डिसेंबर ते मे कोरडं. ताईच्या मुलांना वसंताची सुट्टी, ईस्टरच्या आसपास, तेव्हा दर चढलेले आणि गुड फ्रायडेला दुकानं बंद. इकडे माझ्या मुलीची परीक्षा मार्चमध्ये संपते. 2028 ला सिंहस्थ. तेव्हा माधवनगरात घर असणाऱ्याने बाहेर जायचं नसतं, पाहुण्यांच्या गाद्या गच्चीवर घालायच्या असतात. म्हणजे जायचं ते त्याच्या आधी, आणि बाबांची छाती आज आहे तशी असताना. एप्रिल ठरला. मुलीचा नव्या इयत्तेचा एक आठवडा बुडेल.

विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला आहे आणि बहुतेक मोठी हॉटेलं उत्तरेला. मधला रस्ता नागमोडी, आईला घाटात मळमळतं. म्हणून पहिले दोन दिवस दक्षिणेकडे सूफ्रिएरजवळच राहायचं आणि मग उत्तरेला बोटीने जायचं. ग्रो पितोंची चढाई वाटाड्या घेऊन फक्त मी आणि जिजाजी करणार. बाकीच्यांसाठी तेत पॉल नावाची सोपी पायवाट आहे, पाऊण तासाची, जिथून दोन्ही सुळके दिसतात. जेवणाचं आईला सांगितलं की तिकडचं राष्ट्रीय पदार्थाचं ताट म्हणजे कच्ची केळी आणि खारवलेला मासा, केळ्यांना ते ‘हिरवं अंजीर’ म्हणतात. आई म्हणाली, मासा काढला की आपली केळ्याची भाजीच. शिवाय 1859 पासून कलकत्त्याहून ऊसमळ्यांवर मजूर नेले होते, त्यामुळे रोटी मिळतेच, आत बटाटा-चणे गुंडाळलेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा माझ्या टेबलापाशी आले. चष्मा लावला, फॉर्म वाचला, ‘दमा’ या शब्दापुढे स्वतःच्या अक्षरात ‘2009 पासून’ असं लिहिलं आणि सही केली.

“सज्ज्यावर दहा मिनिटं,” ते म्हणाले. “खोकला आला तर मीच सांगेन. कुणी हाताला धरून ओढायचं नाही.”

“आणि नाही सांगितलंत तर?” आईने आतून विचारलं.

“सांगेन म्हणतोय ना.”

“राहू द्या. तुमचा खोकला मला तुमच्याआधी कळतो. मी शेजारीच उभी राहीन.”

शीटमध्ये बाबांच्या चौकोनाचा लाल रंग काढून मी पिवळा केला आणि पुढे लिहिलं : सज्जा, 10 मिनिटं, आई सोबत.