ग्रहण पाळावे की पाहावे?

ग्रहण लागले की आपल्या गावात दारे लागतात आणि पाण्यात तुळशीपत्रे पडतात. मान वर करून चंद्राकडे पाहणारे मात्र फार थोडे. माझे मत असे आहे, की ग्रहण पाळण्यापेक्षा ते पाहावे. जमल्यास त्याचा फोटोही काढावा.

७ सप्टेंबर २०२५ रोजी भाद्रपदी पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण झाले. मामाकडे एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. तो घेऊन मामा नि मी गच्चीवर बसलो. कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड नव्हता. मग ज्वारीचे अर्धे पोते आडवे टाकले आणि त्यात कॅमेरा चंद्राच्या रोखाने रुतवला. बटण दाबताना हात हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला.

रात्री दहाच्या सुमारास चंद्राची कड काळी पडू लागली. अकरा वाजता तो पूर्ण सावलीत गेला आणि ८२ मिनिटे तांब्यासारखा लाल दिसत होता. मधूनमधून ढग येत, जात. पूर्ण चंद्राच्या फोटोला सेकंदाचा अडीचशेवा भाग पुरतो. लाल चंद्र इतका मंद असतो, की तेवढ्यात काहीच उमटत नाही. एक-दोन सेकंद तरी द्यावे लागतात. फार वेळ दिला तर फोटो पुसट येतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे चंद्र दर दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकलेला दिसतो. पृथ्वी फिरते हे पाठ होतेच, पण त्या रात्री ते डोळ्यांनी पाहिले.

खाली घरात माझी ताई होती. ती बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. तिला दुपारपासून वेध पाळायला लावले. विळीला हात लावायचा नाही, खायचे नाही, अंगणात यायचे नाही. पंखा हळू चालणाऱ्या खोलीत ती उपाशी बसून होती. आजी काही वाईट नाही. तिला बाळाची काळजी वाटते. पण मला विचारायचे आहे, की ग्रहण म्हणजे काय? पृथ्वीची सावली. आणि रात्र म्हणजे काय? तीही पृथ्वीचीच सावली! त्या सावलीत आपण सगळे रोज झोपतो, पोटुशी बायकासुद्धा. मग तीच सावली लांब चंद्रावर पडली, तर बाळाला अपाय कसा होईल? उपाशी ठेवल्याने मात्र आईला त्रास होतो.

सावलीची ही गोष्ट नवी नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये आपल्या ग्रंथात ती सांगितली आहे. त्याच्याही आधी ग्रीस देशातील ॲरिस्टॉटलने, चंद्रावरची सावली गोल दिसते म्हणून पृथ्वी गोल आहे, असे म्हटले होते.

आमचे बरेच फोटो हलले. पाच-सहा बरे आले. त्यांत चंद्र हरभऱ्याएवढा आहे, पण सावलीची गोल कड स्पष्ट दिसते. दुसऱ्या दिवशी मी ते आजीला दाखवले. आजी म्हणाली, "राहूचं तोंड एवढं गोल गं कसं?" मी म्हटले, "आजी, ती आपली पृथ्वी आहे. तू नि मीपण तिच्यातच आहोत." आजी काही बोलली नाही, पण फोटो पुन्हा मागून घेतला.

म्हणून मला वाटते, मोठ्यांशी भांडू नये, त्यांना दाखवावे. चंद्रग्रहण नुसत्या डोळ्यांनी पाहिले तरी चालते. सूर्यग्रहण मात्र तसे कधीही पाहू नये. कॅमेरा नसेल तर वहीत दर पंधरा मिनिटांनी चित्र काढावे आणि बाजूला वेळ लिहावी. त्याचीही किंमत फोटोएवढीच आहे.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री आपल्याकडे पुन्हा खग्रास चंद्रग्रहण दिसणार आहे. त्या वेळी ताईचे बाळ चालते-बोलते झालेले असेल. त्याला आणि ताईला गच्चीवर न्यायचे, असे मी ठरवले आहे. तुमच्या घरी कोण आत बसते, ते तुम्हीही पाहा.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी