वेदनेची रात्र आणि चौविहाराचा नियम



मधुमेह आता आपल्या व्यापारी कुटुंबांत अपवाद राहिलेला नाही. त्याच्या पाठोपाठ काही वर्षांनी अनेकांच्या घरी मज्जातंतूंचे दुखणे शिरते. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखे वाटते, मधूनच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. कुणाला असेच दुखणे नागीण बरी झाल्यानंतरही बरगडीपाशी उरते. कुणाला ते सायटिकाच्या रूपाने कमरेतून पोटरीपर्यंत उतरते. दिवस कसाबसा निघतो, कारण गिऱ्हाईक, उधारी-वसुली आणि मालाची आवक यांत मन गुंतलेले असते. रात्री दिवे मालवले, की लक्ष वेधून घेणारे दुसरे काही उरत नाही. मग अंगावरच्या चादरीचा स्पर्शही पायांना सोसवत नाही.

झोप मोडली की दुसऱ्या दिवशी सहनशक्ती घटते आणि तीच वेदना अधिक तीव्र भासते. वेदना वाढली की पुढची रात्रही जागरणात जाते. म्हणून या विकारात झोपेचा उपचार हा वेदनेच्या उपचाराचाच भाग ठरतो.

आपल्या घरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘रात्री झोपताना एक गोळी’. घरातील ज्येष्ठांचा तर चौविहार असतो. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही वर्ज्य, मग गोळी कशी घ्यावी? संकोचामुळे ते डॉक्टरांना नियम सांगत नाहीत आणि घरच्यांना गोळी राहिल्याचे सांगत नाहीत. महिन्याने डॉक्टर विचारतात, ‘फरक पडला का?’ उत्तर येते, ‘नाही.’ औषध लागू पडले नाही असे समजून डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा औषध बदलतात. केवळ मौनातून होणारी ही हानी पूर्णपणे टाळता येण्यासारखी आहे.

त्यासाठी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे, ‘माझा चौविहार आहे; सूर्यास्तानंतर मी काही घेत नाही.’ मार्ग बहुधा निघतो. अमिट्रिप्टिलिनचा अंमल दीर्घकाळ टिकतो. ते सायंकाळच्या जेवणाबरोबर घेण्यास डॉक्टर अनेकदा संमती देतात. ड्युलॉक्सेटिन सकाळी घेता येते. प्रेगाबालिन व गॅबापेंटिन यांच्या वेळाही पुष्कळदा दिवसात बसवता येतात. मात्र वय, मूत्रपिंड, हृदय, काचबिंदू, प्रोस्टेट या सर्वांचा विचार करून निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. या औषधांनी गुंगी येऊ शकते. गोळी सूर्यास्तापूर्वी घेतली असेल, तर प्रतिक्रमणातील उठबस करताना आणि जिना उतरताना आधार घ्यावा.

ही औषधे पहिल्या दिवशी गुण देत नाहीत. काही आठवडे धीर धरावा लागतो. ती आपल्या मनाने एकाएकी बंदही करू नयेत, कारण त्यामुळे झोप अधिकच उडते. पर्युषणात अठ्ठाई किंवा उपवास योजला असेल, तर पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग होत नाही, आणि आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास मूत्रपिंडांना इजा पोहोचू शकते.

वेळ बदलणे शक्यच नसेल, तर नियमाविषयी गुरुमहाराजांना अवश्य विचारावे. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणात आगार, म्हणजे सवलती, आधीच सांगितलेल्या आहेत. त्यांतील सर्वसमाधीचा आगार तीव्र पीडेत चित्ताची समाधी टिकावी यासाठीच आहे. चौविहाराऐवजी पाण्याची मोकळीक असलेला तिविहार घेण्याचा पर्यायही असतो. दिगंबर बांधवांनी आपल्या परंपरेतील त्यागीवृंदाचे मार्गदर्शन घ्यावे.

एका बाबतीत तर संकोच जिवावर बेतू शकतो. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण सूर्यास्तापूर्वी झाले, तर मध्यरात्रीनंतर साखर फार खाली जाण्याची भीती असते. घाम फुटून, छातीत धडधड होऊन, हातपाय थरथरत जाग आली, तर ती पायांच्या दुखण्याची जाग समजू नये. ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर त्याच क्षणी साखर किंवा ग्लुकोज घ्यावे. ही वेळ विचार करीत बसण्याची नव्हे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना कळवून औषधाची मात्रा ठरवून घ्यावी.

प्रत्येक जळजळ मधुमेहाचीच असते असेही नाही. शाकाहारी व्यक्तीच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटते. या कमतरतेनेही हातापायांना मुंग्या येतात. साध्या रक्ततपासणीने ती कळते आणि उपचारही सोपा आहे. परंतु विलंब झाला, तर झालेली हानी पूर्ण भरून येईलच असे नाही.

झोपेसाठी काही शिस्त घरातच पाळता येते. सकाळी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. दुपारची डुलकी तीनपूर्वी आणि अर्ध्या तासाच्या आत उरकावी. दुपारनंतर चहा टाळावा. वसुलीचे फोन आणि हिशेब अंथरुणावर नेऊ नयेत. सुमारे २० मिनिटे झोप आली नाही, तर कूस बदलत न राहता उठावे, मंद प्रकाशात शांतपणे नवकार जप करावा आणि डोळे जड झाले की परतावे. आचार्य महाप्रज्ञ यांनी १९७५ साली मांडलेल्या प्रेक्षाध्यानात कायोत्सर्गाला महत्त्वाचे स्थान आहे. एकेक अवयव क्रमाने शिथिल करण्याची ही साधना अंथरुणावर पडूनही करता येते. चादर पायांना टेकू नये म्हणून पायथ्याशी उशी उभी ठेवावी. बधिर पायांना गरम पाण्याच्या पिशवीने शेक देऊ नये. चटका बसला तरी कळत नाही. अनवाणी मंदिरात जाऊन आल्यावर तळपाय रोज तपासावेत. जखम दिसली, पायातील शक्ती अचानक गेली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

शेवटी एक विनंती घरातील इतरांना. वेदनेने जागणाऱ्या माणसाला आपण सहज म्हणून जातो, ‘असाता वेदनीय कर्माचा उदय आहे, समताभावाने सहन करा.’ सिद्धांत म्हणून हे खरे आहे. परंतु उपचाराच्या जागी ते वाक्य ठेवणे न्याय्य नव्हे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत वेदनेमुळे होणाऱ्या आर्तध्यानाची स्वतंत्र गणना आहे. पीडेने व्याकुळ झालेले चित्त पुन्हा पुन्हा पीडेपाशीच घुटमळते, हे आपल्या आचार्यांनी ओळखले होते. योग्य औषधाने ती पीडा सौम्य झाली, तर समता अधिक सुलभ होते. औषध घेणे म्हणजे श्रद्धा डळमळणे नव्हे.

या आठवड्यात आपल्या आई-वडिलांजवळ, आजी-आजोबांजवळ दहा मिनिटे बसावे आणि आदरपूर्वक दोनच गोष्टी विचाराव्यात: रात्री झोप लागते का, आणि रात्रीची गोळी नेमकी केव्हा घेता? उत्तर चिठ्ठीवर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावे.