पोराची कंपनी आणि बापाचा सातबारा

शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत मोठे कारखाने येऊ घातले आहेत. टोयोटा-किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी सुमारे २० हजार कोटींचा सामंजस्य करार केला. कारखान्याला माणसे हवीत आणि कन्नड-पैठणच्या कॉलेजातल्या पोरांना काम. ही गाठ घालून देणारी कंपनी काढावी, असे शिकलेल्या पोराला वाटले तर त्यात गैर काही नाही.

पण भांडवलासाठी त्याने सातबारा मागितला, तर आधी विचारा : पैसे देणार कोण? बेकार पोरांकडूनच फी उकळली तर ती दलाली झाली. मोबदला कारखान्याने द्यावा, तोही लेखी ठरवून. शिवाय कॉलेजातली भरती बहुधा वर्षातून एकदाच होते. म्हणजे कापसासारखे पीक एकदा, खर्च मात्र बारा महिने!

म्हणून आधी एक कॉलेज, दोन कारखाने एवढेच करून बघावे. शहरातल्या ‘मॅजिक’ या नवउद्योग केंद्राचा सल्ला घ्यावा. ‘स्टार्टअप इंडिया’च्या मान्यतेला सरकारी फी नाही, तेव्हा त्यासाठी एजंटाला पैसे मोजू नका.

सरपंच-ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनीही गावातल्या शिकलेल्या पोरापोरींची यादी तयार ठेवावी. गहाण टाकण्याआधी गिऱ्हाईक दाखव, एवढे पोराला सांगायला बापाने कचरू नये.