बाळाची रात्र कोणत्या देशाची?

दिवाळी सरली आणि लग्नसराई सुरू झाली, की परदेशी स्थायिक झालेली मुले-सुना आणि लेकी-जावई नातवंडांना घेऊन गावी येऊ लागतात. वर्षभर पडद्यावर पाहिलेले बाळ प्रत्यक्ष मांडीवर येणार, म्हणून आजी-आजोबा दिवस मोजत असतात. बाळ येते, पहिल्या दिवशी घर भरून जाते, आणि त्याच रात्री दोन वाजता खरी परीक्षा सुरू होते. दीड वर्षाचे मूल टक्क डोळे उघडून अंथरुणात बसते, टाळ्या पिटते, भूक लागली म्हणून रडते. सांगलीत मध्यरात्र उलटलेली असते. ज्या न्यू जर्सीहून ते आले, तिथे हिवाळ्यात त्या वेळी दुपारचे साडेतीन वाजलेले असतात. मूल हट्ट करीत नाही. त्याच्या लेखी ती दुपारच आहे.

घर झोपलेले असते. जागी असते एकटी त्याची आई, जी स्वतः सोळा तासांचा विमानप्रवास आणि वर मुंबईपासूनचा रस्ता करून आलेली असते. सकाळी आठला पाहुणे येतात, तिला हसतमुखाने पुढे यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आजारी पडते, आणि मग कुणीतरी सहज म्हणून जाते, की सूनबाईंना आता इकडचे मानवत नाही. हे वाक्य जिव्हारी लागते आणि वर्षानुवर्षे लक्षात राहते. त्यामागचे कारण मात्र हवापाण्यात नसते, न मिळालेल्या झोपेत असते.

शरीराचे मुख्य घड्याळ मेंदूत असते. दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या जरा वर असलेला पेशींचा एक इवलासा पुंजका झोप, भूक, शरीराचे तापमान यांची वेळ राखतो. हे घड्याळ मुख्यतः उजेडाने लागते. जेवणाखाणाच्या वेळाही त्याला थोडा हातभार लावतात. विमान माणसाला एका दिवसात जगाच्या दुसऱ्या बाजूस नेते, पण हे घड्याळ दिवसाला साधारण तासाभरानेच सरकते. त्यातही पूर्वेकडचा प्रवास अधिक जड जातो. बहुतेकांचे आतले घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असल्याने उशिरा झोपणे शरीराला साधते, वेळेआधी झोपणे साधत नाही. म्हणून अमेरिकेहून भारतात येणे, परत जाण्यापेक्षा बहुधा अधिक त्रासाचे ठरते.

यात वयाचा भाग मोठा आहे. दोन-अडीच महिन्यांपर्यंतच्या तान्ह्या बाळाला दिवस-रात्रीची लय अजून नीट आलेलीच नसते. ते इथेही दर दोन-तीन तासांनी उठते आणि तिथेही. त्याच्या बाबतीत प्रश्न झोपेचा नसून गर्दीतल्या संसर्गाचा असतो, आणि इतक्या लहानग्याला न्यायचे का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. खरा जेट लॅग जाणवतो तो सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना. त्यांची लय पक्की झालेली असते, पण ‘आता रात्र आहे, झोप’ हे त्यांना समजावता येत नाही.

अंतराचाही हिशेब मांडावा. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, हाँगकाँगचे अडीच तास पुढे. व्यापारी प्रदर्शनासाठी चार दिवस जाणाऱ्याने कुटुंब सोबत नेले, तर बाळाला भारतीय वेळेवरच ठेवावे. तिथली वेळ अंगवळणी पडेपर्यंत परतीचे विमान येते. अँटवर्पचा फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा, लंडनचा साडेपाच तासांचा. इथे निघण्यापूर्वी तीन-चार दिवस झोपेची वेळ रोज अर्धा-पाऊण तास सरकवली, तर उपयोग होतो. अमेरिकेच्या साडेनऊ-साडेदहा तासांच्या फरकापुढे ही पूर्वतयारी तुटपुंजी आहे. सामान बांधण्याच्या धांदलीत आईने तिच्यामागे लागू नये. त्यापेक्षा निघण्याच्या दिवशी मूल नीट झोपलेले असणे महत्त्वाचे. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि त्या संध्याकाळी निरोप देणाऱ्यांची रीघ लागते. थकून किरकिरे झालेले मूल विमानात लगेच झोपेल, हा समज बहुधा खोटा ठरतो. अतिथकलेले मूल अधिकच जागते.

तिकीट काढतानाच दोन गोष्टी पाहाव्यात. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत त्याला मांडीवर बसवून नेता येते. पण दुसरा वाढदिवस प्रवासाच्या मधेच येत असेल, तर परतीसाठी स्वतंत्र आसन घ्यावे लागते. हे ऐनवेळी विमानतळावर समजले, की भुर्दंड मोठा पडतो. दुसरे म्हणजे, समोरच्या भिंतीला अडकवायचा पाळणा, ज्याला बॅसिनेट म्हणतात, तो मोजक्याच आसनांपुढे मिळतो. त्याची वजनमर्यादा प्रत्येक विमान कंपनीची वेगळी असते, म्हणून नोंदणी आधीच करून बाळाचे वजन सांगावे. हवा खडबडीत झाली, की पट्टे बांधण्याची सूचना येते आणि झोपलेल्या बाळाला पाळण्यातून उचलावे लागते. एका रात्रीत हे तीन-चारदा होऊ शकते, हे मनाशी धरून निघालेले बरे.

जेवणाच्या बाबतीत आपली घरे दक्ष असतात, तरी एक चूक वारंवार होते. मोठ्यांसाठी जैन भोजन मागवले जाते आणि बाळासाठी विमान कंपनीचे ‘बेबी मील’. हे बाळाचे जेवण म्हणजे बहुधा बाटलीबंद लगदा असतो. त्यात बटाटा-गाजर असू शकते, कधी मांसही असते. जैन भोजनाची नोंद केवळ ज्याच्या नावे केली त्याच्यापुरती असते. मांडीवरच्या बाळाचे खाणे घरूनच न्यावे. घरी भाजून दळलेले तांदूळ-मुगाचे पीठ किंवा नाचणीचे सत्त्व गरम पाण्यात कालवून लगेच खीर होते. केळे तर कुठेही चालते. काजू-बदाम, चणे-शेंगदाणे असे अख्खे, कडक दाणे मात्र चार-पाच वर्षांखालील मुलाच्या हाती देऊ नयेत. ते घशात अडकण्याचा धोका घरीही असतो, आणि विमानात दवाखाना नसतो. पाणी उकळून पिण्याची आपली रीत इथे कामी येते. विमानाच्या टाकीतल्या पाण्यात दुधाची पावडर कालवू नये; थर्मासमध्ये उकळलेले पाणी न्यावे किंवा बंद बाटलीतले मागावे. बाळाचे दूध, पाणी आणि अन्न प्रवासापुरते नेण्यास सुरक्षा तपासणीत सहसा मुभा असते. ते वेगळे काढून दाखवावे लागते, एवढेच.

विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी असते. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी देऊ नये, अंगावरचे दूधच अधिक वेळा पाजावे. अर्थात त्यासाठी आईच्या पोटात पाणी जायला हवे. चौविहार पाळणाऱ्या मातेचा प्रश्न येथे उभा राहतो. पश्चिमेकडे उडणाऱ्या विमानात सूर्यास्त कधी मानायचा आणि कोणत्या गावाचा, हा विचार खिडकीशी बसून करण्याचा नव्हे. निघण्यापूर्वी साधू-साध्वीजींकडून मार्गदर्शन घ्यावे आणि आपण अंगावर पाजतो, हे त्यांना स्पष्ट सांगावे. संकोचाने न विचारता सोळा तास कोरडे काढणाऱ्या मातेचा आणि तिच्याबरोबर बाळाचाही त्रास वाढतो.

विमान उतरू लागले, म्हणजे जमिनीला टेकण्याच्या सुमारे अर्धा तास आधी, बाळाला पाजायला घ्यावे. गिळण्याच्या क्रियेने कानातला दाब सुटतो. पुष्कळदा बाळ आधीच पिऊन तृप्त असते आणि नेमक्या वेळी तोंड फिरवते. म्हणून शेवटचे पाजणे थोडे लांबवावे. सर्दी किंवा कानाचे दुखणे असेल, तर प्रवासाआधी डॉक्टरांना दाखवावे.

झोपेच्या औषधाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे, कारण सल्ला देणारे घरचेच असतात. ‘सर्दीचे औषध चमचाभर पाजा, मूल गुंगून झोपेल’ असे सर्रास सांगितले जाते. ही औषधे लहान मुलांच्या श्वासोच्छ्वासावर परिणाम करू शकतात, आणि काही मुले त्यांनी झोपण्याऐवजी उलट बेभान होतात. सर्दीच्या एका सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्र औषधावर ‘चार वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियामकांनी २०२३ साली दिला आहे. आजीचे उगाळलेले जायफळही याच रांगेत बसते. दोन वेढे की चार, यात मोजमाप नसते, आणि अधिक झालेले जायफळ विषारी ठरते. मधाचे बोट चाटवण्याचा प्रश्न आपल्या घरांत येत नाही. वैद्यकशास्त्रही एक वर्षाखालील बाळाला मध वर्ज्यच सांगते.

मूल घरी पोहोचल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस हे घराचे काम आहे, आईचे एकटीचे नाही. व्यापारी कुटुंबाला ही गोष्ट नव्याने शिकवावी लागू नये. सणाच्या गर्दीत दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत उघडे असते, तेव्हा गल्ल्यावर एकालाच कुणी बसवत नाही. भाऊ-भाऊ, काका-पुतणे पाळ्या लावून घेतात. रात्रीची तशीच वाटणी करावी. अकरा ते दोन वडील किंवा आत्या, दोनपासून आई. पहाटे चारला आजोबा तसेही उठतातच. त्यांनी सामायिकाची वेळ थोडी पुढे घेऊन बाळाला दीड तास अंगणात वा ओसरीवर सांभाळले, तर सुनेला सकाळची सलग झोप मिळते. अंगावर पिणाऱ्या बाळाला पाजण्यापुरते आईजवळ न्यावे आणि पुन्हा उचलून आणावे. आजोबा-नातवाची पहिली खरी ओळख अशाच पहाटे होते. दिवाणखान्यातल्या गर्दीत ती होत नाही.

रात्री बाळ उठले, तर ट्यूबलाइट, टीव्ही, मोबाइल यांपैकी काही लावू नये. झिरोचा दिवा पुरे. त्याच्याशी हळू बोलावे, पण खेळवून रंगवू नये. सकाळी मात्र पडदे उघडून त्याला उजेडात न्यावे, आणि दुपारची झोप दोन तासांवर जाऊ देऊ नये. चार वाजल्यानंतर झोपलेले मूल उठवताना आजीला वाईट वाटते, पण ती झोप रात्रीच्या हिशेबातून वजा होते.

रात्रीच्या भुकेचा विषय अधिक नाजूक. सूर्यास्तानंतर चूल न पेटवणाऱ्या घरात मध्यरात्री दूध तापवण्याचा आवाज आला, की वडीलधारे काही बोलत नाहीत, पण सुनेला त्यांचे न बोलणे ऐकू येते. पच्चक्खाण समजून-उमजून घ्यायचे असते; दीड वर्षाच्या बाळाने ते घेतलेले नाही, आणि त्याच्या पोटात त्या वेळी दुपार आहे. पहिल्या दोन-तीन रात्री त्याला थोडे खायला द्यावेच लागते. दूध सायंकाळीच उकळून शीतकपाटात ठेवावे, जवळ कोरडा खाकरा आणि केळे असावे. याची तयारी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने करून ठेवली, तर सुनेच्या मनावरचे ओझे निम्मे उतरते. चौथ्या रात्रीपासून खाणे कमी करत न्यावे; दिवसाचे जेवण वाढले, की रात्रीची भूक आपोआप मावळते.

जावळ, नामकरण, कुंभोज-बाहुबलीची यात्रा, देवदर्शन, सारे काही पाचव्या दिवसानंतर ठेवावे. विमान मुंबईला मध्यरात्री उतरत असेल, तर लगेच साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक रस्ता न धरता मुंबई-पुण्यातल्या नातलगांकडे एक दिवस थांबावे; रात्रीच्या गाडीत झोपाळू चालक आणि मांडीवर मूल, हा सौदा वाईट आहे. पाहुण्यांना ‘रविवारी या’ म्हणून सांगण्याचे काम घरातल्या वडील माणसाने करावे. सुनेने सांगितले, तर तो तुटकपणा ठरतो.

परतीचा प्रवास शरीराला तुलनेने सोपा, पण तिथे पाळी घेणारे कुणी नसते. बाळ पहाटे तीनला उठते, दुपारी चारला झोपू पाहते, आणि वडिलांना दुसऱ्याच दिवशी कामावर जायचे असते. विमान शुक्रवारी पोहोचेल असे तिकीट काढले, तर दोन रात्री तरी दोघांना वाटून घेता येतात. त्या आठवड्यात इकडून फोन करताना भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे. सकाळी नऊला, दुकान उघडण्याआधी आजोबांना नातवाची आठवण येते, तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात आणि मोठ्या कष्टाने झोपवलेले मूल घंटीने उठते. संध्याकाळी साडेसहाला फोन करावा. तिथे सकाळचे आठ वाजलेले असतात, बाळ न्याहारीला बसलेले असते.